मत एकच, प्रश्न मात्र दोन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी कित्येक वर्षं येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. ते जरा लांबेल. कापायचं झालं तर मधलं कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा. पुढची लोकसभा लांब आहे आणि म्हणूनच आत्ता लिहितेय, कारण एकदा का आचारसंहिता लागली की तुमच्याकडेही जागा नसते आणि आमच्याकडेही शांतपणे विचार करायला वेळ नसतो, जो तो नुसता विचारत सुटतो, काय, तुमच्याकडे कोणाचं वारं आहे?

मला बोलायचंय ते त्या वाऱ्याबद्दल नाही. लोकसभेला मत कोणाला द्यायचं हे साधा माणूस ठरवतो कसं, आणि ठरवताना त्याच्या हातात नेमकं काय असतं, हे मला मांडायचंय. कारण २०२४ ला मी ते मनापासून करायचा प्रयत्न केला आणि मला ते फार जड गेलं.

आमच्या घरात चार मतं. सासूबाई, नवरा, मी आणि मुलगा. मुलाचं ते पहिलंच मतदान. मतदानाच्या आधीच्या रविवारी रात्री आम्ही चौघं बसलो होतो आणि सहज विषय निघाला तर लक्षात आलं की चौघं चार वेगळ्या गोष्टी तोलतोय.

सासूबाईंनी पहिलं मत १९६७ ला दिलं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, १८ झालं ते १९८९ मधे. त्यांनी काँग्रेसची बैलजोडी पाहिलीय, मग गायवासरू, मग हात, जनसंघाची पणती पाहिलीय, १९७७ चा जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी पाहिलाय आणि मग कमळ. त्या म्हणाल्या, "चिन्हं काय, येतात नि जातात. आपण काम घेऊन गेलो तर हा माणूस आपल्याला दारात उभं करतो का, तेवढं बघायचं." नवऱ्याचं बरोबर उलटं. तो म्हणाला, "आई, ते ग्रामपंचायतीला ठीक आहे. लोकसभेला प्रश्न एकच, दिल्लीत सरकार कोणाचं बसवायचं. उमेदवार कितीही चांगला असला तरी तिकडे जाऊन पक्ष सांगेल तसाच हात वर करणार." मुलगा म्हणाला, मला दोन्हीकडचे पटत नाहीत, मी नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण, दाबणार. आणि माझं म्हणाल तर मला तिघांचंही थोडं थोडं पटत होतं आणि म्हणूनच माझं काही ठरत नव्हतं.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलीय. लोकसभेचं मत एकच असतं पण त्यात आपल्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. देश कोणी चालवायचा हा एक आणि माझ्या मतदारसंघातून तिथे कोणी जायचं हा दुसरा. ही दोन उत्तरं एकाच बटणावर आली तर आनंदच आहे, पण बऱ्याचदा पक्ष पटतो तर उमेदवार पटत नाही आणि माणूस चांगला असतो तर त्याचा पक्ष घशाखाली उतरत नाही. अशा वेळी कुठल्या पारड्यात किती टाकायचं हे कोणी शिकवलेलं नसतं.

नवऱ्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे हे आधी कबूल करते. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली, तेव्हापासून खासदाराला पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडता येत नाही, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे एखाद्या कायद्यावर मतदान असेल तर माझा खासदार कितीही अभ्यासू असला तरी तो पक्षाचंच मत देणार. सरकार टिकतं का पडतं ते सुद्धा अशाच मोजणीवर. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं, त्या दिवशी प्रत्येक खासदार कुठल्या बाजूला बसलाय यालाच किंमत होती. तेव्हा जे म्हणतात आम्ही पक्षबिक्ष बघत नाही फक्त माणूस बघतो, त्यांनी हा व्हिप लक्षात घ्यायला हवा.

पण म्हणून माणूस बघायचाच नाही, हेही मला पटत नाही. व्हिप चालतो तो मतदानापुरता. प्रश्नोत्तराच्या तासाला काय विचारायचं, विचारायचं का गप्प बसायचं, हे खासदार स्वतः ठरवतो. खात्यांच्या २४ स्थायी समित्या आहेत, तिथे बंद दाराआड सगळ्या पक्षांचे खासदार बसून बजेटमधल्या मागण्या आणि विधेयकं तपासतात, तिथे व्हिप नसतो, तिथे जो वाचून येतो त्याचं वजन पडतं. खासदार निधीचे वर्षाला ५ कोटी कुठे जातात, त्यातला अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी ठरलेला १५ टक्के आणि जमातींसाठीचा साडेसात टक्के वाटा खरंच तिथे पोचतो का, हे त्याच्या शिफारशींवर आहे. आणि जिल्ह्यात 'दिशा' नावाची समिती असते हे तर मला त्या निवडणुकीपर्यंत माहीतच नव्हतं. केंद्राच्या योजनांचा आढावा घ्यायला खासदाराच्या अध्यक्षतेखाली तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. मी आमच्या खासदारांच्या कार्यालयाला मेल केला की पाच वर्षांत अशा किती बैठका झाल्या, मग आठवण म्हणून दुसरा मेल केला. उत्तर आलं नाही. मला त्यात राजकारण करायचं नव्हतं हो, मला फक्त तो आकडा हवा होता, मत ठरवायला.

आता पक्ष बघून मत द्यायचं म्हटलं तर आपल्या महाराष्ट्रात त्याचीही पंचाईत झाली. मी २०१९ ला ज्या चिन्हासमोरचं बटण दाबलं त्या पक्षाचे पुढे दोन पक्ष झाले, आणि २०२४ ला दोन्हीकडून सांगणं एकच, खरा पक्ष आमचा. कायद्यात आधी एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर ती 'फूट' मान्य होती, २००३ मधे ९१ व्या घटनादुरुस्तीने ती सोय काढली, आता दोन तृतीयांशांनी विलीनीकरण केलं तरच संरक्षण. तरी पक्ष फुटायचे ते फुटलेच. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. कोण बरोबर कोण चूक हे मला या पत्रात ठरवायचं नाही, त्यावर घराघरात भांडणं झालीयेत. पण मतदार म्हणून मला प्रामाणिकपणे एक प्रश्न पडला. पक्ष म्हणजे मी नक्की काय तोलतेय? नाव? चिन्ह? नेता? का जाहीरनामा? इतकी वर्षं ही चारही एकत्रच यायची त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

चिन्हाचं किती महत्त्व आहे ते दिंडोरीत दिसलं. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं होतं आणि त्याच मतदारसंघात एका अपक्षाला नुसतं वाद्याचं चिन्ह, त्याचंही मराठी नाव यादीत तुतारीच, आडनावही पक्षाच्या उमेदवारासारखंच. त्या अपक्षाला १ लाखाच्या वर मतं पडली. पक्षाचा उमेदवार तिथे निवडून आला म्हणून फार चर्चा झाली नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. लाखभर लोक, त्यातल्या कितीतरी जणांनी महिनाभर विचार केला असेल, घरी वाद घातले असतील, उन्हात रांग लावली असेल आणि मग बटण भलतंच दाबलं गेलं असेल. यंत्रातली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, डोळ्याला कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यात काय कळणार? सासूबाईंना मी आदल्या दिवशी कागदावर अनुक्रमांक मोठ्या अक्षरात लिहून दाखवला होता, कुठला ते त्यांनी मला सांगितलं आणि मी फक्त लिहिला, मत त्यांचंच.

आपले मतदार हे सगळं तोलत नाहीत, जात बघतात, पैसे घेतात आणि मोकळे होतात असं शहरातली शिकलेली माणसं फार सहज बोलतात, त्याचा मला मनापासून राग येतो. पैसे वाटले जातात हे खरंय, नाकारत नाही. पण निकाल बघा ना. १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकदमच होती, एकाच वेळी दोन मतं द्यायची. लोकसभेला युतीला ४८ पैकी २८ जागा दिल्या, म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त, आणि विधानसभेला शिवसेना ६९ आणि भाजप ५६ मिळून १२५, म्हणजे २८८ च्या निम्म्याच्याही खाली. काँग्रेस आणि राष्ट्रवादी तेव्हा वेगवेगळे लढले होते, त्यामुळे मतविभागणी दोन्हीकडे होती, तरी फरक पडला. काही माणसांनी एकाच केंद्रात उभं राहून दिल्लीसाठी वेगळा आणि मुंबईसाठी वेगळा विचार केला. ओडिशात २०१९ ला पुन्हा तेच. विधानसभेला नवीन पटनायकांच्या बिजू जनता दलाला १४७ पैकी ११२ जागा आणि त्याच मतदानात लोकसभेला भाजपला २१ पैकी ८. दिल्लीने २०१४ ला लोकसभेच्या सातही जागा भाजपला दिल्या आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१५ ला, विधानसभेच्या ७० पैकी ६७ आम आदमी पक्षाला. आणि आपलं २०२४ तर ताजंच आहे, जूनमधे लोकसभेला महाविकास आघाडीच्या ३० जागा आल्या, महायुतीच्या १७, एक सांगलीचा अपक्ष, आणि नोव्हेंबरमधे विधानसभेला महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून २३०. काहीजण म्हणतील लोक चंचल आहेत. मला तसं वाटत नाही. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, एवढंच.

अर्थात सगळ्यांनाच प्रश्न कुठला कुठे विचारायचा ते माहीत असतं असंही नाही, मलाही नव्हतं. आमच्या भागात लोकसभेच्या प्रचारात गटारं, पाणी आणि कचरा यावरच निम्मी भाषणं झाली, ते सगळं नगरपालिकेचं. याउलट कांद्याचं बघा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली, ती उठवली ४ मे २०२४ ला, ऐन निवडणुकीच्या मधोमध, तीसुद्धा ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. हा खराखुरा लोकसभेचा प्रश्न, कारण निर्यात-आयात दिल्लीतच ठरते. शेतकऱ्यांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनी बरोबर दिल्लीच्या मतात ते धरलं. रेल्वे, इन्कमटॅक्स, बँका, संरक्षण, खतांची सबसिडी, हे लोकसभेचं. पोलीस, दवाखाने, जमिनीचे सातबारे हे राज्याचं. तुमच्या पेपरने निवडणुकीआधी एकदा, फक्त एकदा, हे सोप्या भाषेत छापलं तरी किती लोकांचं तोलणं सोपं होईल.

आता त्या वाऱ्याकडे येते, कारण ते टाळता येत नाही. लोक वारं का विचारतात ते मला कळतं. आपल्याकडे ज्याला एक मत जास्त तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं कितीही असोत. २०१४ ला भाजपला देशात ३१ टक्के मतं होती आणि जागा २८२, त्याच निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात ४ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि जागा शून्य. मग माणसाला वाटणारच की माझं मत फुकट जाऊ नये, दुसऱ्या क्रमांकावर कोण आहे ते बघून टाकावं, नको असलेला पडावा एवढ्यासाठी मनातला सोडून जवळपासचा धरावा. मी स्वतः असं मत दिलंय, एकदा नाही दोनदा, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण अडचण अशी आहे की वारं सांगणाऱ्यांनाच ते कळत नाही. २००४ ला बहुतेक चाचण्या एनडीएचं सरकार परत येणार म्हणत होत्या, ते गेलं. २०२४ ला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला ३५० च्या वर नेत होते, आल्या २९३. एक्झिट पोल मतदान संपल्यावरच दाखवता येतात तो भाग वेगळा, पण महिनाभर आधीपासून जे आकडे टीव्हीवर फिरत असतात त्यांच्यावर विसंबून मी माझं मत का वळवावं? आणि अटीतटीचं म्हणाल तर मुंबई वायव्य मधे २०२४ ला फक्त ४८ मतांनी निकाल लागला. १९८९ ला अनकापल्ली आणि १९९८ ला राजमहल, या दोन लोकसभेच्या जागा ९ मतांनी गेल्या. राजस्थानात २००८ ला नाथद्वारा विधानसभेत सी. पी. जोशी एका मताने पडले, तेव्हा ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते. ४८ मतं म्हणजे आमच्या गल्लीतल्या दहाबारा घरांची.

मुलाच्या नोटाबद्दल जरा सांगते. मी त्याला ओरडले नाही, त्याचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल दिला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाच राज्यांच्या निवडणुकीत ते बटण आलं. पण त्याला वाटत होतं की नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते. लोकसभेला तसं होत नाही. इंदूरला २०२४ मधे काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर २ लाख १८ हजारांहून जास्त लोकांनी नोटा दाबला, नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि निवडून यायचा तो ११ लाखांच्या वर फरकाने आलाच. आपल्याकडे लातूर ग्रामीणमधेही २०१९ च्या विधानसभेला नोटा दुसरा होता. म्हणून मी त्याला एवढंच म्हटलं की बाबा, दाबायचा तर दाब, पण आधी सगळे उमेदवार नीट बघून तरी घे. "बघू कुठे?" असं तो म्हणाला. मग त्यानेच मोबाईलवर आयोगाच्या साईटवरून शपथपत्रं उघडली.

नमुना २६ म्हणतात त्याला. संपादक साहेब, तुम्ही लोकांनी ती शेकड्यांनी पाहिली असतील, मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टँपपेपरवर टाईप केलेलं, तिरकं स्कॅन झालेलं, नोटरीचा गोल शिक्का बरोबर आकड्यांवर बसलेला, काही पानं उलटी, आणि मोबाईलच्या स्क्रीनवर बोटांनी मोठं केलं की अक्षरं फुटतात. एकेक शपथपत्र वीसपंचवीस पानांचं. त्यात पाच वर्षांचं उत्पन्न, बायकोचं उत्पन्न, सोनं, शेती, फ्लॅट, कर्ज, थकबाकी, शिक्षण, चालू खटले सगळं असतं. रकाना रिकामा सोडायचा नाही असाही सुप्रीम कोर्टाचा २०१३ चाच निकाल आहे, म्हणून जिथे काही नाही तिथे 'निरंक' लिहिलेलं असतं. रात्री साडेदहाला सुरू केलं, दीड वाजले. एका उमेदवाराच्या नावावर सात गुन्हे दिसले, मुलगा लगेच म्हणाला हा गेला. म्हटलं थांब, कलमं बघ. १४३ आणि १८८, म्हणजे बेकायदा जमाव आणि मनाईहुकूम मोडणं, मोर्चे नि रास्ता रोको केलेल्या माणसावर असतातच. दुसऱ्याच्या नावावर एकच गुन्हा होता, पण तो ४२०, फसवणुकीचा, आणि न्यायालयाने आरोप निश्चित केलेला. सात आणि एक. नुसते आकडे छापले असते तर आम्ही चुकीच्या माणसाला खोडलं असतं. त्या रात्री मुलाच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मला आवडलं, तो रागावलेला नव्हता, कामाला लागलेला होता. त्याने शेवटी काय दाबलं ते मी विचारलं नाही.

उमेदवारावर गुन्हे असतील तर ते त्याने आणि पक्षाने तीनदा जाहीर करायचे, आणि फेब्रुवारी २०२० पासून तर पक्षाने हाच उमेदवार का निवडला त्याचं कारणही द्यायचं. त्या जाहिराती तुमच्याच पेपरात येतात. मी शोधल्या तेव्हा आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या शेजारी, इतक्या बारीक टाईपात होत्या की चष्मा लावूनही धड वाचता येईना, आणि मी वाचल्या त्यात कारण काय, तर समाजकार्य, लोकप्रियता. कायद्याने माझ्या हातात दिलेली माहिती अशी माझ्यापर्यंत पोचत असेल तर मी तोलू काय?

आणि वेळ किती मिळतो? अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आणि मतदान यांत कायद्याने किमान १४ दिवस असावे लागतात, आणि प्रचार ४८ तास आधी थांबतो. म्हणजे नक्की कोण कोण उभं आहे हे कळल्यापासून साधारण दोन आठवडे. आधी नावं तरी माहीत असावीत, तर नाशिक, ठाण्यासारख्या ठिकाणी २०२४ ला महायुतीचा उमेदवार जाहीर झाला तेव्हा अर्ज भरायची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. देशात मार्चमधे निवडणूक जाहीर झाली आणि मे उजाडला तरी मतदाराला दुसरा उमेदवार माहीत नाही! जाहीरनाम्यांचंही तसंच, आश्वासनासाठी पैसा कुठून आणणार ते साधारण सांगावं असं आयोगाचं म्हणणं आहे, ते मला कुठे सापडलं नाही. खर्चाचं सांगायचं तर आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाला मर्यादाच नाही, आणि निवडणूक रोख्यांमधून कोणी कुठल्या पक्षाला किती देणगी दिली हे कळलं ते सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना रद्द केली म्हणून, निवडणूक दोन महिन्यांवर असताना. तो विषय मोठा आहे, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

तर माझी मागणी. २०२९ ची लोकसभा येईल तेव्हा महाराष्ट्रातल्या ४८ मतदारसंघांसाठी रोज एक पान द्या. एका मतदारसंघाला एक पान. त्यात तो कोण जिंकेलचा अंदाज नको, नेत्याच्या सभेचा फोटो नको. आत्ताच्या खासदाराने पाच वर्षांत किती प्रश्न विचारले, कशावर विचारले, कुठल्या समितीवर होता, निधीतले किती कोटी खर्च झाले आणि कुठल्या कामावर, दिशाच्या बैठका किती झाल्या. नुसती हजेरीची टक्केवारी छापू नका, जो मंत्री असतो त्याची सही त्या वहीत नसते आणि तो प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, त्याला शून्य दाखवणं अन्याय होईल. व्हिपवर पक्षाने महत्त्वाच्या पाचसहा विधेयकांना काय मत दिलं तेही त्याच पानावर द्या, म्हणजे पक्ष आणि माणूस शेजारी शेजारी दिसतील. मुख्य उमेदवारांची शपथपत्रं तुमच्या वार्ताहराने वाचून, कलमांचा अर्थ एका ओळीत लिहून, गेल्या वेळची मालमत्ता आणि यावेळची समोरासमोर ठेवून छापा. टाईप मोठा ठेवा. चिन्हं चित्रासकट द्या, आणि सारखी दिसणारी असतील तर तिथे ठळक लिहा की ही दोन वेगळी आहेत. हे करायला वार्ताहरांना आधीपासून लागावं लागेल, म्हणून आत्ता सांगतेय. एका घरात बसून मला आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला तीन तासांत तीन उमेदवारांचं जमलं, तुमच्याकडे तर जिल्ह्याजिल्ह्यात माणसं आहेत.

त्या रात्री आम्ही वहीचा एक कागद फाडून त्यावर पेनाने रकाने आखले होते, डावीकडे आमचे प्रश्न आणि वर तीन उमेदवारांची नावं. तो अजून जपून ठेवलाय, त्याची झेरॉक्स पत्राला जोडलीय, नावं पांढऱ्या शाईने झाकलीत कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, पक्षाचं धोरण हे रकाने भरलेत. 'संसदेत आपल्या जिल्ह्याबद्दल काय विचारलं', 'दिशाच्या बैठका' आणि 'पक्ष फुटला तर तुम्ही कुठे' हे तीन मोकळेच आहेत. सासूबाईंनी सकाळी तो कागद हातात घेऊन बघितला आणि विचारलं, हे रिकामे का ठेवलेत गं? मी म्हटलं, आई, याचं उत्तर मिळालं नाही.

आपली,
एक मतदार आणि वाचक